दूरस्थ कार्यगटाचे नेतृत्व आणि संज्ञापन

उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला
- समोरासमोरचा संवाद आणि दूरस्थ संवाद यांतील मूलभूत फरक सांगता येईल;
- दूरस्थ संवादात गैरसमज कोठे व का निर्माण होतात, हे स्पष्ट करता येईल;
- मराठीतील संदिग्ध शब्दरूपे ओळखून त्यांऐवजी निःसंदिग्ध रचना योजता येईल;
- कार्यगटप्रमुख या नात्याने सूचना, विचारणा व बैठक यांची आखणी करता येईल.

१. प्रास्ताविक

मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागू झाली आणि असंख्य कार्यालयांचे काम घराघरांतून होऊ लागले. तेव्हापासून 'दूरस्थ काम' हा शब्दप्रयोग सर्वांच्या परिचयाचा झाला. तथापि ही रीत केवळ संगणकावर काम करणाऱ्यांची नाही. अनेक गावांतील अंगणवाड्यांची देखरेख करणाऱ्या पर्यवेक्षिका, दहा-बारा शाळांशी संबंध ठेवणारे केंद्रप्रमुख, जिल्हाभर फिरणाऱ्या विक्री प्रतिनिधींचे प्रमुख हे सारे पूर्वीपासून दूरस्थ कार्यगटांचेच नेतृत्व करीत आले आहेत. तुमच्यापैकी अनेकजण आज असे काम करीत असतील, किंवा अशा एखाद्या गटाचे सदस्य असतील.

दुसऱ्या एका नात्यानेही हा विषय तुमच्या जवळचा आहे. तुम्ही दूरशिक्षणाचे विद्यार्थी आहात. ही पुस्तिका लिहिणाऱ्याला तुमचा चेहरा दिसत नाही. कोणत्या वाक्यापाशी तुम्ही थांबलात, हे त्याला कळत नाही. म्हणूनच अशा पुस्तिकेत आरंभी उद्दिष्टे दिलेली असतात, मध्येमध्ये प्रश्न विचारलेले असतात आणि शेवटी सारांश असतो. दूरस्थ गटाच्या प्रमुखालाही नेमकी हीच अडचण असते आणि उपायही बव्हंशी याच प्रकारचे असतात.

२. विषय-विवेचन

२.१ एक उदाहरण

प्रथम एक कल्पित, परंतु नेहमी घडणारा प्रसंग पाहू. एका सामाजिक संस्थेचे कार्यालय नाशिक शहरात आहे. जिल्ह्यातील सुरगाणा, पेठ, इगतपुरी, येवला अशा तालुक्यांत संस्थेचे शिवणवर्ग चालतात. सात केंद्रांवर सात सहकारी काम पाहतात. सोमवारी रात्री कार्यालयातील समन्वयक मोबाइलवरील गटात पुढील निरोप पाठवतात :

"सर्वांनी परवापर्यंत माहिती पाठवावी. उशीर चालणार नाही."

बुधवारी संध्याकाळपर्यंत चार केंद्रांची माहिती येते. दोन केंद्रांकडून 'कोणती माहिती?' अशी विचारणा होते. सुरगाण्याकडून काहीच येत नाही. रात्री समन्वयक गटातच लिहितात, "काही जणींना जबाबदारीची जाणीव नाही, याचे वाईट वाटते."

आता सुरगाण्याची बाजू पाहा. तेथील ताई दोन दिवस डोंगराळ भागातील पाड्यांवर होत्या. तेथे मोबाइलला रेंज नव्हती. बुधवारी दुपारी रस्त्यावर आल्यावर त्यांना निरोप दिसला. 'परवा' म्हणजे शुक्रवार, असे त्यांनी धरले आणि त्या आकडे गोळा करू लागल्या. रात्री त्यांनी गटातील दुसरा निरोप वाचला. तो आपल्यालाच उद्देशून आहे आणि इतर सहाजणींनीही तो वाचला आहे, हे त्यांना कळले. त्यांनी उत्तर दिले नाही. त्यानंतर प्रत्येक सूचनेला त्या 'हो ताई' एवढेच लिहू लागल्या. शिलाई यंत्र बिघडले, दोन मुलींनी वर्ग सोडला, या गोष्टी कार्यालयाला फार उशिरा समजल्या.

या प्रसंगात कोणीही कामचुकार नव्हते आणि कोणाचा हेतूही वाईट नव्हता. तरीसुद्धा संस्थेने एक मोलाची गोष्ट गमावली. अडचण आली की ती मोकळेपणाने सांगणारी सहकारी आता केवळ होकार देणारी झाली. दूरच्या प्रमुखाला प्रत्यक्ष परिस्थिती दिसत नसते. सहकारी जे सांगतील तेच त्याचे डोळे असतात. म्हणून दूरस्थ संवादातील चुकीची किंमत एका निरोपापुरती मर्यादित राहत नाही.

२.२ सामाईक संदर्भाचा अभाव

एकाच कार्यालयात बसणाऱ्यांना पुष्कळ गोष्टी न सांगता कळतात. कोण रजेवर आहे, कोणाच्या टेबलावर कामाचा ढीग आहे, साहेब कोणत्या कामासाठी घाई करीत आहेत, हे डोळ्यांना दिसते. यालाच आपण सामाईक संदर्भ म्हणू. अंतर वाढले की हा संदर्भ तुटतो. परंतु तो तुटला आहे याची जाणीव मात्र दोन्ही बाजूंना नसते.

अभ्यासक कॅथरीन क्रॅम्टन यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या एका संशोधनात, वेगवेगळ्या ठिकाणी राहून एकत्र काम करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या १३ गटांचा अभ्यास मांडला. अशा गटांत अडचणी कोठे येतात, याची पाच कारणे त्यांनी दाखवली. सदस्य आपली स्थानिक परिस्थिती इतरांना सांगत नाहीत. सर्वांना सारखी माहिती पोहोचत नाही. पाठवणाऱ्याला महत्त्वाचा वाटणारा भाग वाचणाऱ्याला तसा वाटत नाही. माहिती पोहोचण्याचा वेग प्रत्येकाच्या बाबतीत निराळा असतो. आणि समोरच्याच्या मौनाचा अर्थ लावणे अवघड जाते. याचा परिणाम म्हणून परिस्थितीमुळे घडलेल्या गोष्टीचे कारण माणसाच्या स्वभावात शोधले जाते. 'रेंज नसेल' असे मनात येण्याआधी 'जबाबदारीची जाणीव नाही' असे मनात येते. वरील उदाहरणात या पाचही कारणांचा प्रत्यय येतो.

आपल्याला उघड वाटणारी गोष्ट दुसऱ्यालाही उघड असेल, हे गृहीत किती महाग पडू शकते याचे एक सुप्रसिद्ध उदाहरण अंतराळ क्षेत्रात आहे. अमेरिकेच्या 'नासा' संस्थेने डिसेंबर १९९८ मध्ये सोडलेले 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ पोहोचताच नष्ट झाले. यानाची बांधणी करणारा गट कोलोरॅडोतील डेन्व्हर येथे होता, तर मार्गनिर्देशन करणारा गट कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे. एका बाजूच्या आज्ञावलीने आकडे ब्रिटिश पद्धतीच्या एककात दिले, दुसऱ्या बाजूने ते मेट्रिक एककात आहेत असे मानले. चौकशी समितीने या तांत्रिक चुकीबरोबरच गटागटांतील अपुऱ्या संवादावरही बोट ठेवले. दोन्हीकडे तज्ज्ञ होते. पण एकमेकांची गृहीते तपासली गेली नव्हती.

२.३ मराठीतील संदिग्ध जागा

दूरस्थ संवादाचा मोठा भाग लेखी असतो. बोलताना स्वर, हातवारे आणि प्रसंग यांमुळे जी संदिग्धता सहज दूर होते, ती लेखनात तशीच राहते. भाषेचे विद्यार्थी म्हणून पुढील बाबींकडे तुम्ही विशेष लक्ष द्यावे.

(अ) कालवाचक शब्द : 'परवा' हा शब्द मराठीत मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही दिवसांसाठी वापरला जातो. शिवाय 'आज', 'उद्या', 'परवा' या शब्दांचा अर्थ उच्चाराच्या क्षणाशी बांधलेला असतो. लिहिण्याचा आणि वाचण्याचा दिवस निराळा असला, की तो अर्थ बदलतो. म्हणून वार, तारीख आणि वेळ तिन्ही लिहावीत. 'लवकरात लवकर' आणि 'जमेल तसे' या शब्दांतून कोणतीही मुदत व्यक्त होत नाही.

(आ) 'आपण' हे सर्वनाम : 'आपल्याला शनिवारी जिल्हा कार्यालयात जायचे आहे', या वाक्यातील 'आपल्याला' आदरार्थी आहे की बोलणाऱ्यासह सर्वांना सामावून घेणारे? पहिल्या अर्थाने एकटी सहकारी जाईल, दुसऱ्या अर्थाने ती समन्वयकांची वाट पाहील. अशा वेळी 'तुम्ही आणि मी' किंवा 'येवला केंद्राच्या ताईंनी' असा स्पष्ट निर्देश करावा.

(इ) विध्यर्थी रूपे : 'पाठवावे', 'करावे' या रूपांतून आज्ञा, विनंती आणि सल्ला असे तिन्ही अर्थ निघू शकतात. काम अनिवार्य असेल तर 'हे आवश्यक आहे' आणि ऐच्छिक असेल तर 'शक्य असल्यास' असे स्वतंत्रपणे लिहावे.

(ई) कर्मणी रचना : 'कळवण्यात येईल', 'कार्यवाही व्हावी' अशा वाक्यांत कर्ता लपलेला असतो. काम सर्वांचे आहे असे म्हटले, की ते बहुधा कोणाचेच राहत नाही.

(उ) संदिग्ध होकार : 'बघतो', 'करू या', 'पाहू' ही उत्तरे कधी आश्वासन असतात, तर कधी सौम्य नकार. असे उत्तर आल्यास 'कोणत्या दिवशी कळवाल?' असे सौजन्याने विचारावे.

याखेरीज लेखनातील सूर हाही एक प्रश्न असतो. जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की ई-मेलमधील आपला उपरोध किंवा गांभीर्य वाचणाऱ्याला सहज कळेल, असा लिहिणाऱ्यांचा विश्वास होता; प्रत्यक्षात वाचणाऱ्यांना ते अपेक्षेपेक्षा पुष्कळच कमी ओळखता आले. लिहिताना आपल्या मनात आपलाच आवाज घुमत असतो. वाचणाऱ्याला तो ऐकू येत नाही. म्हणून गमतीने लिहिलेले 'वा, छान काम!' हे दूरच्या माणसाला टोमण्यासारखे लागू शकते.

*स्वयं-अध्ययन प्रश्न १ : पुढील निरोपातील संदिग्ध जागा शोधा. 'आपण परवा ठरल्याप्रमाणे अहवाल लवकर पूर्ण करण्यात यावा.'*

२.४ कारणासह सूचना : एक ऐतिहासिक पत्र

दूर असलेल्या सहकाऱ्यांना लेखी सूचना कशी द्यावी, याचा उत्तम नमुना मराठीच्या पत्रव्यवहारातच उपलब्ध आहे. राज्याभिषेकाच्या, म्हणजे १६७४ च्या सुमारास शिवाजी महाराजांनी चिपळूण परिसरात पावसाळी छावणीस असलेल्या घोडदळाच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांना एक पत्र पाठवले. ते आज अभ्यासकांना सुपरिचित आहे.

पत्रातील सूचनांची रचना पाहण्यासारखी आहे. साठवलेला दाणा-गवत जपून वापरावा, एवढेच सांगून पत्र थांबत नाही. तो आताच उधळला तर भर पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, मग शिपाई रयतेच्या घरात शिरून धान्य, लाकूडफाटा, भाजीपाला नेऊ लागतील आणि त्रासलेल्या रयतेला तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील, अशी परिणामांची साखळीच पत्रात उलगडून दाखवली आहे. लागेल ती वस्तू बाजारातून विकत घ्यावी, हा पर्यायही सांगितला आहे. आगीविषयी लिहिताना तर जळत्या दिव्याची वात उंदीर पळवून नेईल आणि गवत पेटेल, इथवर बारकावा आहे.

महाराज त्या छावणीत नव्हते. प्रत्येक अडचणीच्या वेळी त्यांना विचारणे छावणीतील अधिकाऱ्यांना शक्य नव्हते. अशा वेळी केवळ हुकूम दिला असता, तर हुकमात न आलेल्या प्रसंगी काय करावे, हे त्यांना उमगले नसते. कारण सांगितल्यामुळे निर्णयाची कसोटी त्यांच्या हाती आली. रयतेस उपद्रव होतो काय, पावसाळा निभेल काय, हे पाहून नव्या प्रसंगातही त्यांना वागता येणार होते. दूरस्थ गटाच्या प्रमुखाने 'काय करावे' याबरोबर 'का करावे' हे सांगण्याचे महत्त्व यावरून ध्यानात येईल.

२.५ निरोपाचे पुनर्लेखन

आता आरंभीच्या उदाहरणातील निरोप पुन्हा लिहून पाहू :

"सर्व ताईंना नमस्कार. आपल्या सातही शिवणवर्गांच्या उपस्थितीची माहिती शुक्रवार, दि. १४ रोजी सायंकाळी ५ वाजेपर्यंत मला हवी आहे. शनिवारी ती जिल्हा कार्यालयात द्यायची असून तिच्यावरूनच पुढील तीन महिन्यांचे कापड व धागा मंजूर होणार आहे. प्रत्येकीने तीन आकडे कळवावेत : नाव नोंदवलेल्या मुली, प्रत्यक्ष येणाऱ्या मुली, वर्ग सोडलेल्या मुली. तक्ता भरण्याची गरज नाही. रेंज नसेल तर जमेल तेव्हा मला फोन करावा, मी आकडे लिहून घेईन. निरोप वाचल्यावर 'मिळाला' एवढे लिहावे. बुधवारपर्यंत ज्यांचे उत्तर येणार नाही, त्यांच्यापर्यंत निरोप पोहोचला नाही असे समजून मी स्वतः संपर्क करीन."

हा निरोप पहिल्यापेक्षा लांब आहे. परंतु लिहिणाऱ्याची चार मिनिटे खर्च झाल्याने सातजणींचा संभ्रम वाचतो. त्यात काय हवे, केव्हा हवे, कोणासाठी हवे आणि का हवे, हे आले आहे. ज्यांची परिस्थिती निराळी आहे त्यांच्यासाठी वाटही ठेवली आहे. सर्वांत महत्त्वाचे शेवटचे वाक्य आहे. मौनाचा अर्थ काय घेतला जाईल, हे त्यात आधीच जाहीर केले आहे. उत्तर न देणाऱ्या सहकारीवर आरोप येत नाही आणि प्रमुखालाही तर्क करीत बसावे लागत नाही.

२.६ माध्यमाची निवड

प्रत्येक गोष्ट गटात लिहिण्याजोगी नसते. रिचर्ड डाफ्ट आणि रॉबर्ट लेंगेल यांनी १९८० च्या दशकात मांडलेल्या विचारानुसार, माध्यमांची अर्थवहनाची क्षमता कमी-अधिक असते. प्रत्यक्ष भेटीत शब्द, स्वर, मुद्रा आणि तत्काळ प्रतिसाद हे सारे एकत्र असते; दूरध्वनीवर मुद्रा वगळली जाते; लेखी संदेशात स्वरही उरत नाही. विषय जितका संदिग्ध किंवा नाजूक, तितके समृद्ध माध्यम निवडावे, हे त्याचे सार होय.

व्यवहारात याचा अर्थ असा : तारखा, आकडे, निर्णय, पत्ते हे लिहून पाठवावेत. काम का अडले आहे, हे समजून घ्यायचे असेल तर फोन करावा. मतभेद असतील तर बैठक घ्यावी. चूक दाखवायची असेल तर ती कधीही गटात दाखवू नये. ती त्या व्यक्तीशी एकट्याने, बोलूनच सांगावी आणि बोलण्याचा आरंभ आरोपाने न करता विचारणेने करावा. 'माहिती का पाठवली नाही?' यापेक्षा 'या आठवड्यात तिकडे काय अडचण होती?' हा प्रश्न अधिक सत्य बाहेर आणतो. कौतुक मात्र सर्वांसमक्ष आणि नेमक्या कामाचा उल्लेख करून करावे. फोनवर जे ठरले, ते दोन ओळींत लिहून दोघांकडे राहील असे करावे; अन्यथा आठवड्याने दोघांच्या आठवणी वेगळ्या निघतात.

२.७ ऐकण्याची व्यवस्था

दूरस्थ बैठकीच्या अखेरीस प्रमुख विचारतात, 'काही शंका?' सर्वत्र शांतता पसरते आणि बैठक संपते. ही शांतता संमतीची असेलच असे नाही. कोणाचा आवाज पोहोचत नसेल, कोणी घरातील माणसांसमोर बोलायला संकोचत असेल, कोणाला वरिष्ठांपुढे अज्ञान दाखवणे नको असेल. त्याऐवजी 'हे काम तुमच्या केंद्रावर सुरू केले, तर पहिली अडचण कोठे येईल?' असे एकेकीला नाव घेऊन विचारावे. नव्या आणि कनिष्ठ सदस्यांना आधी बोलू द्यावे. ज्येष्ठांचे मत आधी आले की इतर बहुधा त्यालाच दुजोरा देतात.

काही सदस्य कार्यालयात आणि काही दूर, अशी गटाची विभागणी असेल तर अधिक दक्षता हवी. कार्यालयातील मंडळी चहाच्या वेळी सहज काही ठरवतात आणि दूरच्यांना ते निर्णय झाल्यानंतर कळते. असे वारंवार घडले, की त्यांना आपण गटाबाहेरचे आहोत असे वाटू लागते. म्हणून कोणताही निर्णय सर्वांना पोहोचेल अशा ठिकाणी लिहिला गेल्यावरच तो झाला असे मानावे. बैठकीचे संक्षिप्त इतिवृत्त त्याच दिवशी पाठवावे आणि त्यात प्रत्येक कामापुढे एका व्यक्तीचे नाव व एक तारीख असावी.

शेवटची बाब अशी, की वाईट बातमी सांगणाऱ्याचे प्रमुख कसे स्वागत करतात, यावर पुढच्या साऱ्या बातम्या अवलंबून असतात. यंत्र बिघडल्याचे कळवणाऱ्या ताईंना 'वेळेवर सांगितलेत, बरे झाले' असे उत्तर मिळाले, तर त्या पुढेही सांगतील. सुरगाण्याच्या ताईंचे मौन ज्या समन्वयकांना मोडायचे आहे, त्यांनी प्रथम फोन करून 'मी घाईने लिहिले, माझी चूक झाली' असे म्हणणे आवश्यक आहे. आणि गटात लिहिलेल्या वाक्याची दुरुस्ती गटातच केली पाहिजे.

*स्वयं-अध्ययन प्रश्न २ : 'दूरस्थ गटातील मौन म्हणजे संमती' या विधानाची तुमच्या अनुभवाच्या आधारे चर्चा करा.*

३. सारांश

दूरस्थ कार्यगटात प्रमुख आणि सहकारी यांचा सामाईक संदर्भ तुटलेला असतो. त्यामुळे न सांगितलेल्या गोष्टी तर्काने भरल्या जातात आणि परिस्थितीचा दोष माणसावर जातो. हे टाळण्यासाठी प्रमुखाने संदर्भ आणि कारण शब्दांत मांडावे; काळ, कर्ता व अपेक्षा निःसंदिग्ध ठेवावी; विषयानुसार माध्यम निवडावे; मौनाचा अर्थ आधीच ठरवून द्यावा; आणि अडचण सांगणाऱ्याला सुरक्षित वाटेल असे ऐकावे. अशा गटात नेतृत्वाचा पुष्कळसा भाग भाषेतूनच पार पडतो. म्हणून भाषेचा अभ्यास येथे प्रत्यक्ष उपयोगाचा ठरतो.

४. पारिभाषिक शब्द

संज्ञापन : माहिती, विचार व भावना यांची देवाणघेवाण.
सामाईक संदर्भ : संवादातील सर्व सहभागींना समान असलेली पार्श्वभूमीची माहिती.
विध्यर्थ : कर्तव्य, आज्ञा, इच्छा, योग्यता इत्यादी अर्थ व्यक्त करणारे क्रियापदाचे रूप.
इतिवृत्त : बैठकीतील चर्चा व निर्णय यांची लेखी नोंद.

५. स्वाध्याय व उपक्रम

१. 'काय करावे याबरोबर का करावे हे सांगणे', या तत्त्वाचे महत्त्व सोदाहरण स्पष्ट करा.
२. तुम्ही गेल्या आठवड्यात पाठवलेला कामाचा एक निरोप घ्या. तो वाचणाऱ्या दोन व्यक्तींना त्याचा अर्थ स्वतंत्रपणे विचारा. दोन्ही अर्थांतील फरक नोंदवा आणि निरोपाचे पुनर्लेखन करा.
३. तुमच्या गटात सध्या गप्प असलेली एखादी व्यक्ती आठवा. तिच्या मौनाची परिस्थितीजन्य अशी तीन संभाव्य कारणे लिहा. आणि त्यानंतर तिला फोन करा.